बेस्टचा कंडक्टर बद्रुद्दीन काझी जॉनी वॉकर कसा झाला?

आमच्या हिंगणीत गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने शाळेत यायचं अचानक बंद केलं. चार दिवस वाट पाहून आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील हातगाडीवर फळं विकतात. सुटीच्या दिवशी आणि बाजाराच्या दिवशी मुलगाही गाडीजवळ उभा राहून आरोळी देतो. वर्गातल्या एका पोराने ती आरोळी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिची हुबेहूब नक्कल केली. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून हा मुलगा घरीच.

आम्ही वडिलांना समजावलं, पण त्यांच्याजवळ उत्तर तयार होतं. शिकून कोणाचं भलं झालं, असं त्यांचं म्हणणं. सिनेमातले मोठमोठे लोक कुठे शिकले होते? जॉनी वॉकर तर बसमध्ये तिकीट फाडत होता, तरी केवढा मोठा झाला! त्यावर आम्हाला लगेच काही बोलता आलं नाही. चहा पिऊन परत आलो.

घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्या भाईंनी दिलेला दाखला खरा आहे, पण अर्धा आहे. आपल्या समाजात ही अर्धी गोष्ट खूप घरांत सांगितली जाते, आणि तिच्या आधाराने पोरांची दप्तरं खुंटीला लागतात. म्हणून आज बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, म्हणजेच सगळ्यांचे लाडके मरहूम जॉनी वॉकर, यांची पूर्ण गोष्ट आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

गिरणीतली रोजी गेली

बद्रुद्दीन यांचा जन्म इंदूरचा. तेव्हा तिथे होळकरांचं संस्थान होतं आणि शहर कापड गिरण्यांसाठी ओळखलं जायचं. वडील गिरणीत कामाला होते. घरात दहा भावंडं, त्यात बद्रुद्दीन दुसरे. वडिलांचं काम सुटलं आणि घराची घडीच विस्कटली.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पुलगाव आणि हिंगणघाटच्या गिरण्यांवर आपल्याकडची किती घरं चालली, हे जुन्या लोकांना माहीत आहे. गिरणीतली रोजी गेली म्हणजे फक्त पगार जात नाही. किराणा दुकानातली उधारी बंद होते, मुलींची लग्नं पुढे ढकलली जातात, आणि थोरल्या मुलाचं दप्तर सुटतं. बद्रुद्दीन यांचं दप्तर सहावीतच सुटलं.

कुटुंब मुंबईला आलं. एवढ्या मोठ्या शहरात ओळख नाही, हाती हुन्नर नाही, शाळेचा कागद नाही. मग जे मिळेल ते काम. बद्रुद्दीन यांनी बर्फाच्या कांड्या विकल्या, फळं विकली, भाजी विकली, वह्या-पेन्सिली विकल्या. रस्त्यावर उभं राहून ओरडायचं, गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी हसून पुढे जायचं, संध्याकाळी घरी येऊन पैसे अम्मीच्या हातात द्यायचे. घरातली बरीच तोंडं त्यांच्या कमाईकडे बघत होती.

आमच्या वर्गातल्या मुलाला ज्या आरोळीची लाज वाटली, तीच आरोळी ही. फरक एवढाच की बद्रुद्दीन यांना लाज वाटून घ्यायला सवडच नव्हती.

बस हाच पहिला रंगमंच

पुढे त्यांना बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी लागली. मुंबईत बेस्टची बस सुरू झाली ती १९२६ साली, आणि १९४७ मध्ये ही कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. त्या काळात गरीब घराला बेस्टची नोकरी म्हणजे मोठा आधार. खाकी कपडे, खांद्याला पैशाची पिशवी, हातात तिकिटांची पेटी. बांधलेला पगार.

दुसरा कोणी असता तर तिथेच समाधान मानलं असतं. पण बद्रुद्दीन यांच्या डोक्यात लहानपणापासून सिनेमा होता. नूर मोहम्मद चार्ली हे त्यांचं दैवत म्हणा ना. नूर मोहम्मद हे हिंदी सिनेमातले सुरुवातीचे मोठे विनोदी नट. चार्ली चॅप्लिनच्या नावावरून त्यांनी आपल्या नावाला चार्ली जोडलं होतं. पडद्यावर त्यांच्या करामती बघायच्या आणि घरी येऊन तशाच करून बघायच्या, हा बद्रुद्दीन यांचा लहानपणचा नाद.

आता सिनेमावाल्यांच्या दारात जायचं तर ओळख लागते. ती नव्हती. तेव्हा त्यांनी बसमध्येच काम सुरू केलं. स्टॉपची नावं वेगळ्याच ढंगात पुकारायची, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची गंमत करायची, नकला करायच्या, दिवसभराच्या कामाने थकलेल्या लोकांना हसवायचं. मनात आशा ही, की या गर्दीत कधीतरी सिनेमातला एखादा माणूस चढेल.

जरा विचार करा. गर्दीच्या बसमध्ये कंडक्टर विनोद करतो तेव्हा सगळेच काही हसत नाहीत. कोणी तोंड फिरवतं, कोणी म्हणत असेल की हा येडा आहे का. आमच्या हिंगणी-सेलू एसटीत कंडक्टरने जरा मोठ्याने गंमत केली तरी लोक एकमेकांकडे बघतात. रोज अनोळखी माणसांसमोर असं उभं राहायचं, कधी विनोद पडायचा, कधी उठायचा. आज जी मोठी माणसं स्टेजवर घाबरत नाहीत, त्यांची भीती अशाच कुठल्यातरी बसमध्ये मेलेली असते. बद्रुद्दीन यांची तालीम ही. सर्टिफिकेट न देणारी, पण रोजच्या रोज परीक्षा घेणारी.

जोडीला सिनेमात गर्दीतली कामंही मिळू लागली. गर्दीतलं काम म्हणजे पडद्यावर आपला चेहरा आपल्या घरच्यांनाही सापडत नाही. नायक पुढे असतो, मागे पन्नास माणसं असतात, त्यातले आपण एक. नाव नाही, संवाद नाही. पुढे एवढा मोठा झालेला माणूस बराच काळ असा मागे उभा होता.

हाकलून देण्याची वेळ आली तेव्हा

मग बलराज साहनी त्यांच्या आयुष्यात आले. साहनी साहेब मोठे नट होतेच, शिवाय लिहायचेही. गुरुदत्त यांच्या दिग्दर्शनातला पहिला सिनेमा ‘बाजी’ त्यांनीच लिहिला. त्यांनी बद्रुद्दीन यांना नेमकं कुठे पाहिलं, याच्या दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं बसमध्ये, कोणी म्हणतं ‘हलचल’च्या सेटवर. ‘हलचल’च्या वेळी साहनी साहेब आपल्या राजकीय विचारांमुळे तुरुंगात होते आणि शूटिंगपुरते तिथून आणले जात. त्या सेटवर बद्रुद्दीन दारुड्याची नक्कल करून सगळ्यांना हसवत होते, असं म्हणतात. काही असो, गुणाची पारख ज्याने केली तो स्वतःही त्या वेळी अडचणीतच होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

साहनींनी एक युक्ती काढली. गुरुदत्त बसले असतील तिथे सरळ दारुड्या बनून शिरायचं आणि जो धुमाकूळ घालता येईल तो घालायचा. बद्रुद्दीन तसेच शिरले. झोकांड्या खात, अडखळत बोलत, तिथल्या मोठ्या लोकांची टर उडवत. सांगितलं जातं की आधी सगळे हसले, पण मग गुरुदत्त यांचा पारा चढला आणि या दारुड्याला बाहेर काढा असं ठरलं. तेवढ्यात साहनी पुढे आले आणि हा सगळा अभिनय आहे, असं त्यांनी सांगितलं. बद्रुद्दीन सरळ ताठ उभे राहिले. नशेचा मागमूस नाही!

त्या क्षणी काय झालं असतं याचा विचार आम्ही नेहमी करतो. साहनी मध्ये पडले नसते तर हा माणूस सिनेमाच्या दारातून धक्के मारून बाहेर काढला गेला असता. अपमान तर होताच, वर पुन्हा त्या दारात उभं राहायची सोय राहिली नसती. एवढी मोठी जोखीम त्यांनी घेतली, कारण चारचौघांत हसं होण्याची भीती त्यांच्यातून आधीच निघून गेली होती. फळं विकताना आणि तिकिटं फाडताना ती रस्त्यात कुठेतरी गळून पडली होती.

१९५१ मध्ये ‘बाजी’ आला आणि बद्रुद्दीन काझी पडद्यावर आले.

नावाचं ओझं

दारुड्याच्या त्या नकलेवर खूश होऊन गुरुदत्त यांनी त्यांना नाव दिलं जॉनी वॉकर. एका विलायती व्हिस्कीचं नाव. आता बघा, काझी घराण्याचा मुलगा, आणि जगभर ओळख दारूच्या बाटलीच्या नावाने. आपल्या घरांत आजही काही बुजुर्ग या नावावर नाक मुरडतात. तेव्हा मोहल्ल्यात, नातेवाइकांत काय बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते.

पण ज्याच्या नावाला दारू चिकटली, त्या माणसाने आयुष्यात दारू प्यायली नाही. पडद्यावर ते असे झुलायचे की खऱ्या पिणाऱ्याला वाटावं हा आपल्यातलाच. घरी मात्र त्यांचा आणि बाटलीचा संबंध नव्हता. पिणारा माणूस दारुड्याची नक्कल करत नाही, तो दारुड्याच असतो. जॉनी वॉकर यांनी रस्त्यावर, बसमध्ये असे लोक डोळे उघडे ठेवून पाहिले होते. पाय कसा पडतो, जीभ कुठे अडते, पडताना माणूस आपली इज्जत कशी सांभाळायला बघतो, हे सगळं त्यांनी टिपलं होतं. नाव लोकांनी दिलं, चारित्र्य त्यांनी स्वतः राखलं.

आरोळी देशाने गायली

पुढची दहा-पंधरा वर्षं जॉनी वॉकर यांची होती. गुरुदत्त यांच्या ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘कागज के फूल’, ‘चौदहवीं का चाँद’ या सिनेमांत ते होतेच. बी. आर. चोप्रा यांच्या ‘नया दौर’मध्ये टांगा आणि बस यांचं भांडण आहे. त्या सिनेमात बेस्टचा हा जुना कंडक्टर मुंबईहून आलेला वार्ताहर झाला होता. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’साठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. लोक तिकीट काढताना विचारायचे की यात जॉनी वॉकर आहे का. सिनेमात त्यांचं स्वतःचं गाणं असावं, अशी वितरकांची मागणी असायची. त्यांच्यासाठी मोहम्मद रफी साहेब असा काही आवाज लावायचे, की जॉनी वॉकर स्वतःच गात आहेत असं वाटावं. १९५७ मध्ये तर ‘जॉनी वॉकर’ नावाचाच सिनेमा निघाला.

यातला ‘प्यासा’ आम्हाला सगळ्यात जवळचा. त्यात ते अब्दुल सत्तार नावाचा मालिशवाला झाले आहेत. हातात तेलाच्या बाटल्या, आणि तोंडात गिऱ्हाईक बोलावणारी आरोळी. साहिर लुधियानवी यांनी त्या आरोळीचं गाणं केलं, एस. डी. बर्मन यांनी चाल लावली, रफी साहेबांनी गायलं आणि अख्खा देश ते गुणगुणायला लागला. आजही सलूनमध्ये ते ऐकू येतं.

आता सुरुवातीची गोष्ट आठवा. मुंबईच्या रस्त्यावर फळं आणि बर्फाच्या कांड्या विकणारा एक पोरगा. त्याची आरोळी तेव्हा कोणी ऐकून न ऐकल्यासारखी केली असेल, कोणी हसलंही असेल. काही वर्षांनी तोच माणूस पडद्यावर फेरीवाला झाला आणि त्याची आरोळी लोकांनी डोक्यावर घेतली. सत्तारभाई गरीब आहे पण लाचार नाही. तो नायकाला आधार देतो, हसवतो आणि कोणासमोर मान खाली घालत नाही. कष्टाच्या कमाईची इज्जत पडद्यावर अशी फार कमी वेळा दिसली आहे.

हसवायचं, पण कोणाला दुखवून नाही

संसारातही गोष्ट सोपी नव्हती. ‘आर पार’च्या वेळी नायिका शकीला यांची बहीण नूर यांच्याशी त्यांची ओळख झाली. नूर यांच्या घरच्यांचा विरोध होता, तरी लग्न झालं आणि शेवटपर्यंत टिकलं. तीन मुली, तीन मुलं असा भरला संसार.

अपयशही त्यांनी जवळून पाहिलं. १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ पडला. ज्या माणसाने त्यांना नाव दिलं, तो माणूस त्या अपयशाने आतून खचला. गुरुदत्त यांनी पुन्हा दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावलं नाही, आणि १९६४ मध्ये ते गेले. जॉनी वॉकर यांचा सगळ्यात मोठा आधार गेला. पण त्यांनी काम थांबवलं नाही. गुरुदत्त यांचे भाऊ आत्माराम यांच्या ‘शिकार’मध्ये त्यांना विनोदी अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९७१ मध्ये ‘आनंद’ आला. त्यात राजेश खन्ना अनोळखी माणसाला खोट्याच नावाने हाक मारतात, आणि ईसाभाई झालेले जॉनी वॉकर तेवढ्याच सहजपणे दुसऱ्या खोट्या नावाने उत्तर देतात. काम छोटं, पण लोक अजून विसरले नाहीत.

त्यानंतर काळ बदलला. विनोदात दुहेरी अर्थाचे संवाद आले, कोणाच्या जाडीवर, कोणाच्या तोतरेपणावर हसणं आलं. जॉनी वॉकर यांना ते जमणारं नव्हतं. सेन्सॉरने आपली एकही ओळ कापली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. बायका-मुलांसोबत बसून सिनेमा बघणाऱ्या माणसाला मान खाली घालावी लागू नये, हा त्यांचा हिशोब. म्हणून हळूहळू ते बाजूला झाले. कामं मिळत नव्हती म्हणून नव्हे, मिळत होती ती नको होती म्हणून. १९९७ मध्ये कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’साठी ते बऱ्याच वर्षांनी परत आले. त्यातही दारुड्याच, आणि तसेच निर्मळ. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

राहिलेली अर्धी गोष्ट

आता त्या भाईंच्या प्रश्नाकडे येऊ. जॉनी वॉकर सहावीपर्यंतच शिकले, हे खरं. पण त्यांनी ही गोष्ट कधी छाती फुगवून सांगितली नाही. शाळा सुटल्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली. म्हणूनच हातात चार पैसे आले तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना शिकायला थेट अमेरिकेला पाठवलं. ज्याला शाळेशिवाय सगळं मिळालं, त्यानेच आपल्या मुलांसाठी पहिली खरेदी केली ती शिक्षणाची. जॉनी वॉकर यांचा दाखला द्यायचा असेल तर इथपर्यंत द्यावा.

आणखी एक हिशोब करून बघा. त्या काळात मुंबईत किती कंडक्टर होते, किती फेरीवाले होते, सिनेमाच्या गर्दीत किती लोक उभे राहिले! त्यातल्या एकालाच बलराज साहनी भेटले. बाकीच्यांच्या पोरांना आधार मिळाला असेल तो शाळेचाच.

आम्हालाही हे उशिरा कळलं. आमचं शिक्षण उर्दूत झालं. मराठीत शिकवायला उभे राहिलो तेव्हा आमच्या तोंडून ‘ळ’चा ‘ल’ व्हायचा. फळा म्हणायला जावं आणि फला निघावा. पोरं खुदखुदायची. महिनाभर आम्ही वर्गात जायला घाबरलो. मग एक दिवस आम्हीच तो शब्द फळ्यावर लिहिला, चुकवून म्हटला, पोरांसोबत हसलो आणि त्यांनाच तो शिकवायला सांगितला. भीती तिथेच संपली. हसणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही, पण त्यांच्यासोबत हसता येतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहता येतं.

त्या मुलाच्या घरी आम्ही आणखी दोनदा गेलो. वडिलांना ही राहिलेली गोष्ट सांगितली. वर्गातल्या पोरांनाही सांगितली, कारण चूक त्यांचीही होती. कोणाच्या रोजीवर हसायचं नाही, एवढं त्यांना समजलं. मुलगा परत आला. आज तो नववीत आहे. बाजाराच्या दिवशी अजूनही कधी दांडी मारतो, मग आम्हाला गाडीपर्यंत जावं लागतं. तिथे तो आरोळी देत असतो, आणि आवाज, माशाअल्लाह, खणखणीत आहे.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. आपल्या मोहल्ल्यात लाजेमुळे किंवा गरजेमुळे शाळा सोडलेलं एखादं लेकरू असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी एक चक्कर मारा. जॉनी वॉकर यांची गोष्ट सांगा. फक्त पूर्ण सांगा.